जुन्या मोटारीचा दम

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला असतो. घरी येणारे पाहुणे तो उचलून पाहतात, हातात तोलतात, आणि कडेचा तुटलेला भाग दिसला की विचारतात, “हे असे कशाने झाले?” मी दर वेळी एकच उत्तर देतो, “हावेने.” उत्तर विनोदाचे वाटते, पण ते खरे आहे. आज आपणांशी बोलावयाचे आहे ते या पिस्टनविषयी, आणि त्याच्या निमित्ताने एका छंदाविषयी. रोज रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या इंजिनाला टर्बो जोडून तिची शक्ती वाढवावयाची आणि तरीही ते इंजिन भरवशाचे ठेवावयाचे, असा हा छंद आहे. यातील पहिला भाग फारसा अवघड नाही. खरी परीक्षा आहे ती दुसऱ्या भागात.

पेट्रोलचे इंजिन हे मूलतः हवा ओढणारे यंत्र आहे. पेट्रोल हवे तितके घालता येते. पण ते जाळावयाला हवा लागते, आणि साध्या इंजिनाला हवा मिळते ती केवळ वातावरणाच्या दाबाने आत शिरेल तेवढीच. धावणाऱ्या माणसाची धाव जशी त्याच्या दमावर अवलंबून असते, तशी इंजिनाची शक्ती या हवेवर. दुसरीकडे, जळलेला वायू बाहेर पडतो तो पेट्रोलमधील उष्णतेचा मोठा हिस्सा आपल्याबरोबर घेऊनच. हे वाया जाणारे धन कामाला लावण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराला सुचली, आणि १९०५ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंख्याची चाके बसवावयाची. एक चाक बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने फिरते. त्याच्याबरोबर दुसरे फिरते आणि ताजी हवा दाबून सिलिंडरांत कोंबते. टर्बो म्हणतात तो एवढाच.

कल्पना सोपी असली, तरी तिचा उपयोग प्रथम आकाशात झाला. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाला धाप लागते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक पर्वतावर नेले. सपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे सुमारे २३० वर आले होते; टर्बो जोडताच ते पुन्हा आपल्या मूळ शक्तीवर गेले. इंजिनात काही बदलले नव्हते. त्याला त्याचा श्वास परत मिळाला होता, इतकेच.

आपल्या नित्याच्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत. त्या आरंभाची कथा सांगण्याजोगी आहे. ओल्डस्मोबिल जेटफायर या मोटारीच्या साडेतीन लिटरच्या इंजिनातून टर्बोच्या बळावर २१५ अश्वशक्ती मिळत असे. पण तिच्या इंजिनियरांनी सिलिंडरातील दाबाचे प्रमाण मुळातच चढे, म्हणजे सव्वादहास एक, ठेवले होते. अशा इंजिनात आणखी हवा कोंबली तर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेट घेते. ते टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून आत फवारण्याची सोय केलेली होती. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप कमी व्हावा अशीही योजना होती. कागदावर सारे निर्दोष. परंतु पेट्रोल भरावयास न विसरणारी माणसे ही दुसरी टाकी भरावयास मात्र विसरत. मग गाडीचा जोर जाई आणि तक्रारी येत. पुढे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची वेळ आली. ज्या यंत्राचे आरोग्य मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपविलेले असते, ते यंत्र भरवशाचे नव्हे, हा जेटफायरचा धडा.

याच्या उलट उदाहरण स्वीडनमधील साब या कंपनीचे. १९७७ साली तिने साब ९९ टर्बो ही मोटार जगापुढे ठेवली. पेर गिलब्रांड आणि त्यांचे सहकारी यांनी विचार केला तो असा: शर्यतीच्या गाडीला कमाल वेगावर शक्ती हवी असते, आपल्या गिऱ्हाइकाला ती हवी असते पुढचा ट्रक ओलांडताना, चढावर, मध्यम गतीत. म्हणून त्यांनी टर्बो लहान निवडला. लहान चाक चटकन फिरू लागते. ते अतिवेगाने फिरू नये म्हणून वायूचा काही भाग बाजूने सोडून देणारी झडप बसविली; तिला वेस्टगेट म्हणतात. दाबाचे प्रमाण ९.२ वरून ७.२ वर उतरविले. बाहेरच्या व्हॉल्व्हांत उष्णता वाहून नेण्यासाठी सोडियम भरले, ऑइल थंड करण्याची सोय केली. इतके करून त्यांनी घेतले किती, तर ११८ अश्वशक्तीच्या जागी १४५. याहून अधिक घेता आले नसते असे नाही. त्यांनी घेतले नाही. आणि म्हणूनच ती गाडी डॉक्टर, शिक्षक, फिरते विक्रेते यांच्या नित्याच्या वापरात टिकून राहिली.

आता मी माझ्या पिस्टनकडे वळतो. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे होतो. तेथे माझे एक मराठी स्नेही होते. त्यांच्याकडे १९८७ सालची व्हॉल्वो २४० होती. ही गाडी १९७४ पासून १९९३ पर्यंत निघत होती. दिसावयास पेटीसारखी चौकोनी, पण हाडाने मजबूत. तिचे चार सिलिंडरांचे, २.३ लिटरचे इंजिन बिडाच्या ओतीव ब्लॉकचे, आणि क्रँकशाफ्टला पाच बेअरिंगे. साध्या रूपात ते सुमारे ११५ अश्वशक्ती देते. त्याच घराण्यातील ७४० आणि ९४० या गाड्यांत हेच इंजिन टर्बोसह येत असे. त्यामुळे भंगारात निघालेल्या ७४० वरून टर्बो, त्याचे बिडाचे मॅनिफोल्ड, पेट्रोलचे मोठे इंजेक्टर आणि त्यांचे नियंत्रण करणारी पेटी एवढे उतरवून आणले, की ते या गाडीवर फार खटपट न करता बसते. तेथील हौशी मंडळींत ही रीत रूढच आहे. हिवाळ्याच्या लांब रात्रींत, शेकोटीसारखा एक विजेचा हीटर लावून, आम्ही दोघांनी हे काम पुरे केले.

प्रथम आम्ही शहाण्यासारखे वागलो. टर्बोचा दाब अर्ध्या वातावरणाइतकाच ठेवला. त्याचा हिशेब सोपा आहे. बाहेरची हवा ३० अंशांची धरा. तिचा दाब दीडपट केला की ती तापते, आणि टर्बोतून बाहेर पडताना ८० अंशांच्या वर जाते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी सिलिंडरात हवा मात्र सव्वापटीहून थोडीशीच अधिक भरते. मध्ये रेडिएटरसारखा इंटरकूलर बसवून तिला ४५ अंशांपर्यंत थंड केले, तर तीच हवा १.४ पटींहून अधिक भरते, आणि शिवाय थंड असल्यामुळे अवेळी पेटण्याचे भयही कमी होते. सर्व वजावट जाता आम्हांला दीडशेच्या आसपास अश्वशक्ती मिळत असावी. गाडी चढावर गाऊ लागली. माझे स्नेही रोज नवनवी निमित्ते काढून बाहेर जाऊ लागले.

तीन आठवड्यांत त्या शक्तीची सवय झाली. आणि सवय झाली की माणसाला ती अपुरी वाटू लागते. वेस्टगेटची दांडी चार आटे आवळली की दाब वाढतो. त्याला पैसे पडत नाहीत, हत्यारही एक पानाच पुरतो. आम्ही ती आवळली. हे “आम्ही” मी मुद्दाम म्हणतो, कारण पाना माझ्या हातात होता.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही बुरोस गावाकडे निघालो होतो. गाडीत वहिनी आणि त्यांची दोन लहान मुले होती, मागे सामान भरलेले होते. एका लांब चढावर स्नेह्यांनी पायाखालचे पेडल पूर्ण दाबले. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज येऊ लागला. मी म्हणालो, “एक्झॉस्टचा पत्रा सैल झाला असेल.” तो पत्रा नव्हता. तो नॉकिंगचा आवाज होता, आणि दहापंधरा सेकंदांनंतर तो थांबला तेव्हा आरशात निळ्या धुराचा पडदा दिसत होता. रस्त्याच्या कडेला, वेगाने जाणाऱ्या ट्रकांच्या वाऱ्यात, मुलांना कुंपणापलीकडे उभे करून आम्ही टोइंगच्या गाडीची दोन तास वाट पाहिली. वहिनी आम्हांला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

इंजिन उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरातील पिस्टनची, दोन रिंगांमधली कड तुटलेली आढळली. नॉकिंग म्हणजे काय ते तिच्याकडे पाहून कळते. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असते. तिच्यापुढे कोपऱ्यात दबलेले मिश्रण, ती पोहोचण्यापूर्वीच, स्वतःच्या उष्णतेने एकदम भडकते. तो हातोड्याचा घाव असतो, आणि वेगात तो मिनिटाला हजारोंनी बसू शकतो. पण ते का झाले? दाब आम्ही वाढविला हे खरे. तरीही अधिक शोध घेता आणखी एक गोष्ट सापडली. गाडीच्या खाली बसविलेला पेट्रोलचा फिल्टर जुना होता, जवळजवळ तुंबलेला. साध्या इंजिनाला पुरेल इतके पेट्रोल त्यातून जाई. टर्बोच्या भुकेला मात्र ते पुरेना. हवा भरपूर आणि पेट्रोल तोकडे अशा मिश्रणाचे ज्वलन अधिक तप्त होते आणि नॉकिंगला ते आमंत्रणच. टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर या साऱ्यांची आम्ही चिकित्सा केली होती. एका साध्या जेवणाच्या किमतीचा फिल्टर मात्र आमच्या लक्षात आला नव्हता.

श्रोतेहो, मला जे सांगावयाचे आहे ते येथे आहे. जुन्या गाडीचा दम तिच्या टर्बोइतका नसतो. तो तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतका असतो. म्हणून शक्ती वाढविण्याचे काम टर्बोपासून आरंभावयाचे नसून त्या दुबळ्या भागांच्या शोधापासून आरंभावयाचे असते.

दुसऱ्या खेपेस आम्ही तसे केले. सर्वप्रथम ब्रेक. नवे पॅड, नवे रबरी पाइप, नवे ब्रेक ऑइल. जी गाडी थांबवता येत नाही ती पळवण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यानंतर रेडिएटर, त्याचे पाइप, पंखा. कारण अधिक पेट्रोल जाळावयाचे म्हणजे अधिक उष्णता बाहेर टाकावयाची. त्यानंतर पेट्रोलचा मार्ग: पंप, फिल्टर, नळ्या, इंजेक्टर. पूर्ण जोर लावून गाडी चालत असताना पेट्रोलचा दाब टिकतो की नाही हे घड्याळ लावून पाहिले. एवढे झाल्यावरच इंजिन.

ब्लॉक आम्ही भंगारातल्या एका ९४० टर्बोचा घेतला. याला कारण होते. या घराण्यातील १९८८ पर्यंतच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड बारीक असत, पुढच्या सालापासून ते जाड झाले. शिवाय साध्या इंजिनात ९.८ असलेले दाबाचे प्रमाण टर्बोच्या इंजिनात ८.७ होते. त्यावर रिंगा बसविताना त्यांच्या दोन टोकांतील फट साध्या इंजिनाहून किंचित अधिक ठेवली. टर्बोच्या उष्णतेत रिंग वाढते. टोकांना जागा उरली नाही तर ती एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनची कड उखडते. सिलिंडर हेडचा तळ सपाट आहे की नाही हे तपासून घेतले, नवे गॅस्केट घातले, बोल्ट सांगितलेल्या क्रमाने आणि मापाने आवळले. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे निवडले आणि त्यांतील फट कमी केली. दाट हवेतून ठिणगीला उडी मारणे जड जाते.

टर्बोच्या बाबतीत सर्वाधिक लक्ष दिले ते ऑइलकडे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. एका टोकाला सुमारे ९०० अंशांचा वायू असतो. आत येणारे ऑइल स्वच्छ हवे हे सर्वांना कळते. बाहेर जाणाऱ्या ऑइलचा विचार फार थोडे करतात. ते फेसाळलेले बाहेर पडते आणि केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून त्याची नळी रुंद, सरळ उताराची आणि संपमधील ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. तिला एक वाकण पडले की ऑइल तुंबते, सीलमधून झिरपते, आणि माणूस उगाच चांगल्या टर्बोला दोष देतो.

उरले मिश्रण आणि ठिणगीची वेळ. मंद गतीत एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण योग्य. पण टर्बो पूर्ण दाबात असताना ते साडेअकरा ते बारापर्यंत, म्हणजे अधिक पेट्रोलचे, ठेवावे लागते. ते जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेते. ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. हे कानाने किंवा अंदाजाने करावयाचे काम नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारे साधन बसवून, एक जण चालवीत आणि दुसरा आकडे लिहीत, आम्ही ते रिकाम्या रस्त्यावर पायरी-पायरीने केले. नॉकिंग ऐकणारा सेन्सरही बसविला. साबच्या इंजिनियरांनी १९८० नंतरच्या वर्षांत अशाच सेन्सरला टर्बोच्या दाबाशी जोडले होते. पेट्रोल हलके पडले तर यंत्र स्वतःच दाब उतरवी, चालकाच्या कानावर अवलंबून राहत नसे. जेटफायरच्या टाकीने विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तर होते.

वेस्टगेटची दांडी आम्ही पुन्हा अर्ध्या वातावरणावर आणली आणि तिच्या नटावर लाल रंगाचा एक ठिपका दिला. तो ठिपका हा त्या संपूर्ण कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग होता असे माझे मत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे ऐकून आपल्याकडील जुन्या गाडीवर कोणी पाना उचलू नये. स्वीडनमध्येही बदललेली गाडी सरकारी तपासणीतून उतरवावी लागते. आपल्या देशात मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा तसाच अर्थ लावलेला आहे. तेव्हा हा छंद आपल्या रस्त्यांवरचा नव्हे.

मग आपणांस तो का सांगितला? कारण टर्बो आता हौशी माणसांच्या शेडमध्ये राहिलेला नाही. घाट चढणाऱ्या ट्रकांतून येणारी ती बारीक शीळ आपण ऐकली असेल. आज आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो असतो, आणि घेणाऱ्याला त्याची फारशी कल्पना नसते. आज ना उद्या त्या गाड्याही जुन्या होतील. त्यांच्यासाठी एवढेच लक्षात ठेवावे. ऑइल सांगितलेल्याच जातीचे घालावे आणि वेळेवर बदलावे. टर्बोचे सारे आयुष्य त्यावर आहे. सकाळी इंजिन थंड असताना ऑइल नीट पोहोचेपर्यंत गाडी सावकाश चालवावी. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे यावे, अथवा मिनिटभर ते तसेच चालू ठेवावे. नाहीतर थांबलेले ऑइल त्या तप्त बेअरिंगात करपते आणि त्याची काजळी होते. आणि खडे हलविल्यासारखा आवाज आला तर “पत्रा सैल असेल” असे म्हणू नये. पाय उचलावा.

माझ्या स्नेह्यांची ती गाडी त्यानंतर चार वर्षे चालली, तोपर्यंतची वार्ता मला आहे. कारण त्यानंतर मी परत आलो. तेवढ्या काळात तिने ऐंशी हजार किलोमीटर पुरे केले होते, हिवाळ्यात उणे वीस अंशांतही ती पहिल्या किल्लीला सुरू होई, आणि पुढे वहिनीच ती अधिक चालवीत. मी निघालो त्या दिवशी त्यांनीच मला विमानतळावर सोडले. वाटेत तोच लांब चढ लागला. त्यांनी पेडल अर्धे दाबले. गाडी एका संथ, भरलेल्या आवाजात वर चढली आणि पुढचा ट्रक मागे राहिला. निरोप घेताना त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊजी, हा आपल्या टेबलावर ठेवा. तेथे याचा अधिक उपयोग होईल.”